‘असताना’, ‘मुळे’ आणि ‘बळावणे’ : सैनिकांच्या अपंगत्व-निवृत्तिवेतनाच्या अपिलांतील भाषाविचार

एखाद्या शब्दयोगी अव्ययावर कुणाचे निवृत्तिवेतन अवलंबून असू शकते, हे विधान व्याकरणाच्या अभ्यासकासही प्रथमदर्शनी अतिशयोक्त वाटेल. परंतु सैन्यातून निवृत्त झालेल्या जवानांची अपंगत्व-निवृत्तिवेतनाची प्रकरणे वाचू लागले म्हणजे असे ध्यानात येते की, त्यांतील बहुतेक वादांचे मूळ वैद्यकापेक्षा भाषेत अधिक असते. जवान आजारी आहे याविषयी दोन्ही पक्षांत सहसा मतभेद नसतो. मतभेद असतो तो आजार आणि नोकरी यांना जोडणाऱ्या शब्दाविषयी. प्रस्तुत लेखात या जोडणाऱ्या शब्दांचा विचार करावयाचा आहे, आणि त्यासाठी निद्राश्वासरोध, म्हणजे ज्याला डॉक्टर ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात, त्या विकाराचे उदाहरण घ्यावयाचे आहे. हा विकार घेण्याचे कारण असे की, त्यात कारण आणि कार्य यांचा संबंध दाखविणे विशेष कठीण जाते, व म्हणून भाषेचा प्रश्न त्यात अधिक उघडपणे दिसतो.

प्रथम कायद्याची मूळ शब्दयोजना पाहू. १९६१ च्या सैनिकी निवृत्तिवेतन विनियमांतील १७३ व्या विनियमानुसार, लष्करी सेवेला ‘ॲट्रिब्युटेबल’ असलेल्या किंवा लष्करी सेवेने ‘ॲग्रॅव्हेटेड’ झालेल्या अपंगत्वापायी ज्याला सेवेतून मुक्त केले आहे, आणि ज्याचे अपंगत्व २० टक्के वा त्याहून अधिक ठरले आहे, तो या वेतनास पात्र होतो. येथे दोन विशेषणे असून ती ‘किंवा’ने जोडलेली आहेत. पहिल्याचा अर्थ ‘ज्याचे कारणत्व सेवेकडे देता येईल असे’. ते शक्यतावाचक आहे. दुसऱ्याचा अर्थ ‘ज्याची तीव्रता सेवेने वाढली आहे असे’. ते घडून गेलेल्या क्रियेचे वाचक आहे. पहिले उत्पत्तीविषयी बोलते, दुसरे वृद्धीविषयी. या दोहोंपैकी एक सिद्ध झाले तरी हक्क सिद्ध होतो.

आता हाच आशय मराठी भाषक कसा व्यक्त करतो ते पाहू. समजा, लालबागच्या एखाद्या चाळीत राहणारा, पायदळातून निवृत्त झालेला हवालदार आपल्या दुखण्याची हकीकत सांगत आहे. तो तीन प्रकारांनी बोलण्याचा संभव आहे. ‘सैन्यात असताना हा आजार जडला’. ‘सैन्यातल्या नोकरीमुळे हा आजार जडला’. ‘सैन्यातल्या नोकरीपायी तब्येत गेली’. बोलणाऱ्याच्या मनात ही तिन्ही वाक्ये जवळजवळ एकच असतात. व्याकरणदृष्ट्या मात्र ती भिन्न आहेत. ‘असताना’ हे ‘असणे’ या धातूचे कृदन्त. ते केवळ समकालीनत्व दाखविते. ‘मुळे’ हे शब्दयोगी अव्यय ‘मूळ’ या नामापासून आलेले. ते उगम दाखविते. ‘पायी’ हेही शब्दयोगीच, पण त्यात कारणाबरोबर झीज आणि किंमत यांचा भाव मिसळलेला असतो. मुलांच्या शिक्षणापायी घर गहाण पडते. शिक्षणापायी मुलगा मोठा झाला असे आपण म्हणत नाही. ‘पायी’ म्हणणारा मनुष्य कारण सांगता सांगता गाऱ्हाणेही मांडीत असतो.

अर्ज लिहिणारा बहुधा ‘असताना’ लिहितो, त्याच्या मनात ‘पायी’ असते, आणि नियमाला ‘मुळे’ हवे असते. नाकारलेल्या अनेक मागण्यांचे रहस्य या एका वाक्यात सांगता येईल.

यावर कायद्याने पूर्वी एक उपाय योजिला होता. १९८२ च्या हक्कविषयक नियमांतील पाचव्या नियमाने दोन गृहीतके घालून दिली होती. भरतीच्या वेळी एखाद्या दोषाची नोंद झालेली नसेल, तर जवान त्या वेळी शरीराने व मनाने निकोप होता असे मानावे. आणि पुढे वैद्यकीय कारणास्तव त्याला मुक्त करावे लागले, तर प्रकृतीत झालेला बिघाड सेवेमुळे झाला असे मानावे. नवव्या नियमाने पुराव्याचा भार जवानावरून काढला आणि रास्त संशयाचा फायदा त्याला दिला. भाषेच्या परिभाषेत सांगायचे तर, ‘असताना’चे रूपांतर ‘मुळे’मध्ये करण्याचे काम नियमाने स्वतःकडे घेतले होते. अर्थात हे गृहीतक अबाधित नव्हते. उलट पुरावा आल्यास ते ढळू शकत होते.

या गृहीतकाचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी ‘धरमवीर सिंह विरुद्ध भारत सरकार’ या निकालात विशद केले. सिग्नल दलात १९८५ साली भरती झालेल्या या जवानास सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर अपस्माराच्या विकारापायी मुक्त करण्यात आले होते. अपंगत्व २० टक्के ठरले, पण वैद्यकीय मंडळाने त्याचा सेवेशी संबंध नाही असा अभिप्राय दिला. उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने मागणी मान्य केली, खंडपीठाने ती फेटाळली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मान्य केली. भरतीच्या वेळी आजार ओळखता येण्यासारखा नव्हता असे मंडळास म्हणावयाचे असेल, तर त्याने त्याची कारणे दिली पाहिजेत, हे त्या निकालाचे सार होय.

नियम मात्र स्थिर राहिले नाहीत. २००८ च्या नियमांत भरतीची वैद्यकीय तपासणी परिपूर्ण नसते, आणि आजार सेवेत असताना प्रकट झाला एवढ्यानेच तो सेवेमुळे झाला असे ठरत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे ‘असताना’ आणि ‘मुळे’ यांमधील जो सांधा १९८२ च्या नियमांनी जोडला होता, तो २००८ च्या नियमांनी मोकळा केला. पुराव्याचा भार सामान्यतः जवानावर नाही हे तत्त्व राहिले. परंतु निवृत्तीनंतर १५ वर्षे उलटून गेल्यावर, सेवेची कागदपत्रे मुदतीप्रमाणे नष्ट झालेली असताना मागणी केली, तर तो भार त्याच्यावर येतो. पुढे २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले. म्हणून अपील लिहिणाऱ्याने प्रथम आपल्या निवृत्तीची तारीख पाहावी आणि आपणास कोणते नियम लागू पडतात हे ठरवावे. १९८२ च्या नियमांवरील युक्तिवाद पुढील काळातील प्रकरणास जसाच्या तसा चिकटविल्याने हानीच होते.

‘असताना’पासून ‘मुळे’पर्यंत कायदा कसा जातो याचे दुसरे उदाहरण गिरणगावाच्या परिसरातच आहे. कापसाच्या धुळीने फुफ्फुसांना होणारा बिसिनोसिस हा विकार १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या व १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला होता. अनुसूचीत नाव असणे याचा अर्थ असा की, त्या व्यवसायात ठरावीक काळ काम केलेल्यास तो रोग झाला, तर तो कामातूनच उद्भवला असे कायदा मानतो. उलट सिद्ध करण्याचे ओझे दुसऱ्या पक्षावर पडते. या रोगाचे एक लक्षण प्रसिद्ध आहे. सुट्टीनंतर कामावर रुजू होण्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे बहुधा सोमवारी, छाती आवळल्यासारखी वाटते. एका सोमवारचे दुखणे हा योगायोग असू शकेल. पण वर्षानुवर्षे प्रत्येक सोमवारी तेच घडते, तेव्हा ‘सोमवारी कामावर असताना’ हे कालवाचक विधानच कारणवाचक होऊ लागते. समकालीनत्वाची नियमित पुनरावृत्ती ही कारणत्वाची खूण होय. हा धडा जवानाच्या अपिलासही उपयोगी आहे.

आता आपल्या उदाहरणाकडे वळू. ‘ॲप्निया’ हा ग्रीक शब्द. त्यातील आरंभीचा ‘अ’ आपल्या ‘अभाव’ शब्दातील ‘अ’चाच सगोत्र असून शब्दाचा अर्थ ‘श्वासाचा अभाव’. झोपेत घशाची वाट वारंवार बंद होते, काही सेकंद श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू उतरतो, आणि मेंदू रोग्याला अर्धवट जागे करून श्वास पुन्हा सुरू करून देतो. तासातून असे किती वेळा घडते यावर तीव्रता ठरते : ५ ते १५ वेळा सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० हून अधिक तीव्र. रात्रभर यंत्रे लावून केलेल्या निद्राचाचणीत हे मोजले जाते, आणि नळीवाटे हवेचा दाब देणारे यंत्र हा त्यावरील मुख्य उपचार आहे. या विकाराच्या जोडीने रक्तदाब, मधुमेह, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता हेही वारंवार आढळतात.

पुराव्याच्या दृष्टीने या विकाराचा विशेष असा की, रोगी स्वतः त्याचा साक्षीदार नसतो. तो झोपलेला असतो. बराकीत शेजारच्या खाटेवरचा सोबती, किंवा घरी पत्नी, हेच त्याचे साक्षीदार. आणि मराठीत या लक्षणासाठी जो शब्द सर्वांच्या ओठी आहे तो ‘घोरणे’. हा शब्द हसण्यावारी नेण्याचा, रोगाचा नव्हे. सोबत्यांनी वीस वर्षे थट्टा केलेली असते, पण आरोग्यकेंद्राच्या नोंदवहीत एक ओळही नसते. ‘श्वास अडकतो’, ‘झोपेत श्वास कोंडून दचकून उठतो’, ‘पहाऱ्यावर दिवसा डोळा लागतो’ ही वाक्ये वैद्यकीय नोंदीस योग्य असूनही ती वेळेवर उच्चारली गेलेली नसतात. पहाऱ्यावर झोप येते हे सांगणे म्हणजे सैन्यात अपराध कबूल केल्यासारखे. त्यामुळे या मौनाला कारणही आहे.

निवृत्तीपूर्वी वैद्यकीय मंडळ जो तक्ता भरते त्यात प्रत्येक विकारापुढे प्रश्न असतात : सेवेला ‘ॲट्रिब्युटेबल’ आहे काय, सेवेने ‘ॲग्रॅव्हेटेड’ आहे काय, आणि याची कारणे कोणती. पहिल्या दोन्ही ठिकाणी नकार आला म्हणजे ‘नायदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रॅव्हेटेड’ असा शेरा होतो. जवानांच्या बोलण्यात त्याचे ‘नाना’ असे लघुरूप रूढ आहे. येथे तर्कशास्त्रातील एक साधा नियम आठवावा. ‘अ किंवा आ’ हे नाकारायचे असेल, तर ‘अ नाही’ आणि ‘आ नाही’ ही दोन्ही विधाने स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागतात. म्हणून नकारालाही दोन कारणे हवीत. निद्राश्वासरोधाच्या बाबतीत शेऱ्यापुढे कोणत्या प्रकारची कारणे येऊ शकतात ती पाहा. ‘विकार शरीरप्रकृतीजन्य आहे’, ‘वजन अधिक आहे’, ‘विकाराचा आरंभ शांतता क्षेत्रात झाला’. पहिली दोन कारणे उत्पत्तीविषयी आहेत. वृद्धीविषयी ती काहीच सांगत नाहीत. तिसरे तर कारणच नव्हे. ते स्थळवाचक विधान आहे. जवानाने केवळ ‘असताना’ म्हटल्यास ते पुरेसे नाही असे नियम सांगतो. तोच न्याय मंडळाच्या ‘असताना’लाही लावला पाहिजे.

न्यायालयांचा कल याच दिशेने आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये मधुमेहाच्या एका प्रकरणात, आजार शांतता क्षेत्रात सुरू झाला एवढे कारण पुरेसे नाही, असे २००८ च्या नियमांचा विचार करूनच म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने ‘राजुमोन’ प्रकरणात मे २०२५ मध्ये, कारणांवाचून दिलेल्या वैद्यकीय अभिप्रायावर सेवामुक्ती वा नकार उभा राहू शकत नाही, असे ठरविले. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१९ साली ‘नरसिंह यादव’ प्रकरणात त्याच न्यायालयाने, काही मानसिक विकार भरतीच्या तपासणीत कळून येत नाहीत हे मान्य करून, मंडळाचा अभिप्राय उचलून धरला व मागणी नाकारली. तेव्हा गृहीतक हे सिद्धीचे साधन आहे, सिद्धी नव्हे.

येथे ‘बळावणे’ या मराठी क्रियापदाचे महत्त्व आहे. ‘आजार बळावला’ असे म्हणताना आजार आधीपासून होता हे गृहीत असते. यामुळे पुष्कळ अर्जदार हा शब्द टाळतात. आजार भरतीपूर्वीचा होता अशी कबुली आपण देऊन बसू, असे त्यांस भय वाटते. हे भय निराधार आहे. ‘बळावणे’ या क्रियापदाचे गृहीत इतकेच की, आजार बळावण्यापूर्वी होता. भरतीपूर्वी होता असे नव्हे. सेवेच्या बाराव्या वर्षी सुरू झालेला आजार अठराव्या वर्षी बळावू शकतो. म्हणून अपिलात दोन्ही मागण्या वेगळ्या परिच्छेदांत, वेगळ्या पुराव्यांनिशी मांडणे हितावह आहे. विकार सेवेमुळे उद्भवला असे आमचे म्हणणे आहे; आणि ते मान्य न झाल्यास, तो सेवेने बळावला असे आमचे स्वतंत्र म्हणणे आहे.

दुसऱ्या म्हणण्यासाठी पुरावा कोणता? गिरणीतील सोमवाराचे तत्त्व येथे लावावे. वार्षिक तपासणीतील वजन व रक्तदाब, नेमणुकीचे ठिकाण व काळ, रात्रपाळीच्या वा जहाजावरील पहाऱ्याच्या नोंदी, आणि निद्राचाचणीचे आकडे हे एका तक्त्यात वर्षवार लिहावेत. नेमणूक बदलली की आकडा बदलतो असे दिसले, तर ते समकालीनत्व बोलू लागते. मात्र वैद्यकीय सत्याशी प्रामाणिक राहावे. अतिउंचीवर झोपेत श्वासाची लय बिघडते हे खरे, परंतु तो बिघाड मेंदूच्या नियंत्रणातून येतो. घशाची वाट बंद होण्याचा विकार त्याहून वेगळा आहे. या दोहोंची सरमिसळ केलेले अपील एका प्रश्नात कोसळते. आनुषंगिक विकारांचा विचारही स्वतंत्रपणे करावा. रक्तदाबाविषयी, उदाहरणार्थ, वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या २००८ च्या मार्गदर्शिकेत युद्धक्षेत्र, अतिउंचीचा प्रदेश, बंडखोरीविरोधी मोहीम व दीर्घ सागरी सेवा या परिस्थितींत तो बळावला असे मानण्याची तरतूद आहे. निद्राश्वासरोधाचा दावा दुबळा ठरला तरी रक्तदाबाचा टिकू शकतो.

अपिलाचा मार्ग पायरीपायरीचा आहे. नकाराच्या पत्रापासून सहा महिन्यांत पहिले अपील, ते फेटाळल्यास पुन्हा सहा महिन्यांत दुसरे अपील, आणि त्यानंतर २००७ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याच्या मुंबई खंडपीठाच्या कक्षेत महाराष्ट्र, गुजरात व गोवा ही राज्ये येतात. दादर-परळच्या रहिवाशास त्यासाठी शहर सोडावे लागत नाही. न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयाचा रिट अधिकार अबाधित आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केले. विलंबाने हक्क बुडतोच असे नाही. परंतु २००८ च्या ‘तरसेम सिंह’ निकालानुसार थकबाकी सामान्यतः मागील तीन वर्षांपुरतीच मिळते. विलंबाची किंमत अशी रुपयांत मोजावी लागते.

ती किंमत किती, हेही पाहण्याजोगे आहे. शंभर टक्के अपंगत्वास अपंगत्वाचा अंश म्हणून अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते, व कमी अपंगत्वास त्याच प्रमाणात कमी. ३१ जानेवारी २००१ च्या शासकीय पत्राने टक्केवारीचे टप्पे ठरविले : ५० हून कमी असल्यास ५०, ५० ते ७५ असल्यास ७५, आणि त्यापुढे १००. या टप्प्यांचा लाभ वयोमानाने निवृत्त झालेल्यांसही देण्याचे तत्त्व डिसेंबर २०१४ मधील ‘राम अवतार’ निकालाने मान्य झाले. म्हणजे ज्या प्रकरणास हे टप्पे लागू पडतात, तेथे २० टक्के अपंगत्व ५० धरले जाते आणि वेतनाच्या १५ टक्के रक्कम आजन्म मिळते. ‘मुळे’ आणि ‘असताना’ यांतील अंतर एका कुटुंबाच्या दृष्टीने एवढे आहे.

तुलनेसाठी अमेरिकेचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथील कायद्यात ‘सेवासंबद्ध’ असा एकच व्यापक शब्द योजिलेला असून त्याच्या आत प्रत्यक्ष उत्पत्ती, दुसऱ्या सेवासंबद्ध विकारातून झालेली उत्पत्ती आणि वृद्धी असे मार्ग मानलेले आहेत. पुराव्याची कसोटी ‘संभव निदान समसमान आहे’ इतकीच. ‘संबद्ध’ हा शब्द ‘मुळे’पेक्षा सैल आणि ‘असताना’पेक्षा घट्ट आहे. शब्दाच्या निवडीतच न्यायाचे माप ठरते, हे यावरून दिसेल.

२०२३ च्या आपल्या नियमांतही असाच एक शब्दबदल आहे. आजार असूनही सेवेत राहून पुढे यथाकाल निवृत्त होणाऱ्यांच्या बाबतीत ‘अपंगत्वाचा अंश’ या पदाऐवजी ‘इंपेअरमेंट रिलीफ’ हे पद आले. निवृत्तिवेतन ही कृपा नसून हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘नाकारा’ प्रकरणात १७ डिसेंबर १९८२ रोजी ठाशीवपणे सांगितले होते. ‘रिलीफ’ या शब्दाला मराठीत ‘साहाय्य’ म्हणावे की ‘दिलासा’, हा प्रश्न केवळ परिभाषेचा नाही. दोन्ही शब्द देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे पाहतात. हक्क हा शब्द उलट दिशेने पाहतो.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस या क्षेत्रात करण्यासारखे काम पुष्कळ आहे. जवान आपली हकीकत मराठीत सांगतो, कुणीतरी ती इंग्रजीत उतरवितो, आणि या उतरविण्यात ‘असताना’, ‘मुळे’, ‘पायी’, ‘जडणे’ व ‘बळावणे’ यांतील भेद बहुधा पुसले जातात. पाचही शब्दांचे एकच पुसट इंग्रजी वाक्य होते. मूळ मराठी निवेदन प्रथम काळजीपूर्वक लिहून घेणे, त्यातील समकालीनत्व, उत्पत्ती आणि वृद्धी यांची विधाने वेगळी करणे, आणि मगच भाषांतरास हात घालणे, ही पद्धती कोणत्याही विभागातील दोन-तीन विद्यार्थ्यांस सहज अंगीकारता येईल. कायद्याने विचारलेले तिन्ही भेद मराठीत मुळातच आहेत. ते कागदावर तसेच उतरले पाहिजेत.